खाजगी लॅबमध्ये एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आलंय, आता सरकारीत नक्की जायचं कुठे?

माणगंगेकाठचा:
नमस्कार मंडळी. आयडी मुद्दाम नवीन काढलाय, कारण कळेलच. माझा मामेभाऊ ट्रकवर ड्रायव्हर आहे, वय पस्तीसच्या आतबाहेर, हैदराबाद-नागपूर लाईन असते त्याची. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं तालुक्यातल्या एका खाजगी दवाखान्यात. आदल्या दिवशी रक्त घेतलं, कशाकशाच्या टेस्ट करणार ते काही सांगितलं नाही आणि संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून मामांना केबिनमध्ये बोलावलं, म्हणाले तुमच्या मुलाला एचआयव्ही आहे, आमच्याकडे ऑपरेशन होणार नाही, सोलापूरला न्या. दार उघडंच होतं, काउंटरवरच्या दोघी ऐकत होत्या. मामा तेव्हापासून बोलतच नाहीत. मामीने त्याचं ताट-वाटी वेगळं काढून ठेवलंय.

मी पुण्यात असतो, फोनवर जेवढं कळतंय तेवढं सांगतोय. रिपोर्टवर फक्त 'एचआयव्ही १ व २ रिअ‍ॅक्टिव्ह' एवढंच आहे, खाली सही पण नीट नाही. लॅबवाला म्हणतो पक्कं करायला अजून एक टेस्ट करा, तिचे काही हजार होतील. पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं, पण तिथे आमच्या भावकीतला एकजण वॉर्डबॉय आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावात बातमी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तिला अजून कुणी काही बोललेलं नाही. सरकारी टेस्टला पैसे लागतात का, आधार मागतात का, नाव कुठे लागतं का, आणि पुण्यात आणून सगळं केलं तर चालतं का? गुगल करून डोकं फिरायची वेळ आलीय, अर्ध्या साईट अमेरिकेच्या आहेत.

कुंदा_काउन्सेलर:
भाऊ, आधी त्या लॅबवाल्याला एक रुपया देऊ नका. मी बरीच वर्षं आयसीटीसीला काउन्सेलर होते, आता ते काम सोडलंय पण पद्धत तीच आहे. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, सिव्हिलला, उपजिल्हा रुग्णालयात, बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत असतं. टेस्ट फुकट. तुमच्या भावाची झालीय ती एका कार्डावरची रॅपिड टेस्ट, तेवढ्यावरून कुणाला पॉझिटिव्ह म्हणायचं नसतं. आयसीटीसीत पहिलं किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर त्याच रक्ताची वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या किटवर तपासणी होते आणि तिन्ही जुळले तरच पॉझिटिव्ह असा रिपोर्ट मिळतो. वेस्टर्न ब्लॉट नावाची वेगळी टेस्ट बिस्ट काही लागत नाही, लॅबवाला बहुतेक तेच गळ्यात मारतोय. तरी खोटी आशा लावत नाही, रिअ‍ॅक्टिव्ह आलंय म्हणजे तयारीत राहा.

नावाचं म्हणाल तर रजिस्टरमध्ये नाव-पत्ता घेतात, पण पुढे सॅम्पलवर आणि कागदांवर पीआयडी नंबर, म्हणजे नावाऐवजी दिलेला ओळख नंबर चालतो. टेस्टसाठी आधार नाही म्हणून परत पाठवायचं नसतं, कुणी पाठवलं तर १०९७ ला फोन करा, ती नॅकोची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जवळचं केंद्र कुठलं ते पण तिथेच विचारा. टेस्टच्या आधी आणि नंतर काउन्सेलर एकट्याशी बोलते, रिपोर्ट त्याच्याच हातात देते. मामा सोबत आले असतील तरी त्यांना बाहेर बसावं लागेल, रागावू नका.

वॉर्डबॉयची भीती मला कळते. जिल्ह्याची, तालुक्याची काही हद्द नाहीये, कुठल्याही आयसीटीसीत जा. पुण्यात ससूनला चालेल, सोलापूर सिव्हिलला चालेल.

आणि हो, ताट-वाटीचं. आज रात्रीच मामीशी बोला. ताटातून, पाण्यातून, कपड्यांतून, संडासातून, मच्छर चावून हा आजार होत नाही. मामीला रागावू नका, तिला कुणी सांगितलेलंच नाही ना.

उपकेंद्रवाली:
मी आरोग्यसेविका आहे, फक्त वहिनींबद्दल लिहिते. पाच महिने झालेत म्हणजे नाव नोंदवताना त्यांची एचआयव्हीची टेस्ट बहुतेक झालेली असणार, आम्ही उपकेंद्रात बोटातून रक्त घेऊन करतो, सिफिलीसची पण त्याच वेळी. त्यांचं माता बाल संरक्षण कार्ड उघडून बघा, रक्ताच्या तपासण्यांची पानं असतात त्यात. पण ती टेस्ट चांगली आली असली तरी तेवढ्यावर थांबायचं नाही कारण ती तिसऱ्या महिन्यातली असेल आणि नवरा आत्ता रिअ‍ॅक्टिव्ह निघालाय. विंडो पिरियड म्हणतात तो, लागण झाल्यावर रक्तात दिसायला काही आठवडे ते तीन महिने जातात. तर त्यांची टेस्ट परत, या आठवड्यात. बाळंतपणानंतर बघू म्हणणारी सासू प्रत्येक घरात असते, तिचं या बाबतीत ऐकू नका.

समजा वहिनी पॉझिटिव्ह निघाल्या तरी गर्भ पाडा वगैरे काही लागत नाही. गोळ्या लगेच सुरू होतात आणि पुढे कायम चालतात. काहीच उपचार नसले तर शंभरातल्या तीसेक बाळांना आईकडून लागण व्हायची, आता आईने वेळेत गोळ्या घेतल्या तर ते पाचाच्या खाली आणता येतं, आईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, दबलेला असेल तर त्याहून कितीतरी कमी. बाळंतपण सरकारी दवाखान्यात करा, नॉर्मल पण होतं. बाळाला जन्मल्यावर लगेच सिरप सुरू करतात, निदान सहा आठवडे. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासायला पाठवतात, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पक्कं निदान दीड वर्षाला. त्याच्या आधी बाळाची साधी कार्ड टेस्ट कुणी केली आणि पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, आईच्याच रक्तातून आलेल्या अँटिबॉडीज दिसतात त्यात, बाळाची लागण नाही.

दुधाचं काउन्सेलर सांगेलच, तरी सांगून ठेवते. पहिले सहा महिने अंगावर पाजायचं तर फक्त अंगावरच. थोडं आईचं थोडं वरचं असं मिसळून द्यायचं नाही. गावाकडे पाचवीच्या आधीच कुणीतरी मध नाहीतर गुटी चाटवतं, ते बंद.

निसर्गोपचार_प्रेमी:
सरकारी गोळ्यांच्या मागे लागून लिव्हर किडनी खराब करून घेऊ नका. आमच्या ओळखीच्या वैद्यांकडे सहा महिन्यांत निगेटिव्ह झालेले पेशंट आहेत, रिपोर्टसकट दाखवतो. नंबर हवा असेल तर मला निरोप टाका.

निवांत_माणूस:
हे साहेब इथे आलेच. अहो, मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, लग्नाच्या आधीपासून. तुमच्या वैद्यांचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट म्हणजे काय असतो ते सांगतो. माणूस सरकारी गोळ्या गपचूप खात असतो, व्हायरल लोड टेस्टमध्ये 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतं, की हे तोच कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात. रक्तात व्हायरस मोजता येत नाही इतका कमी झालाय एवढाच त्याचा अर्थ, गोळ्या बंद केल्या की तो परत वर येतो. आणि एड्स बरा करतो असा दावा औषधावर करायलाच कायद्याने बंदी आहे, ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स रूल्समध्ये शेड्यूल जे म्हणून यादी आहे, त्यात एड्सचं नाव आहे. माझ्या ओळखीतला एकजण अशाच काढ्यापायी गोळ्या सोडून बसला होता, शेवटी टीबी घेऊन वॉर्डात आला. तुमचा नंबर नकोय कुणाला.

माणगंगेकाठचा दादा, आता तुमच्या भावाचं. आयसीटीसीत पॉझिटिव्ह पक्कं झालं की ते चिठ्ठी देऊन एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे पाठवतात. पूर्वी सीडीफोर (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) अमुकच्या खाली गेला की मगच गोळ्या असं होतं, २०१७ पासून तसं नाही, निदान झालं की उपचार, सीडीफोर कितीही असो. फक्त आधी टीबी वगैरे आहे का ते बघतात. पहिल्या दिवशी वजन, टीबीची चौकशी, रक्ताच्या तपासण्या, काउन्सेलिंग, डॉक्टर, सगळं मिळून अर्धा दिवस जातो, घरून खाऊन निघा. पांढरं कार्ड केंद्रात राहतं आणि हिरवी वही आपल्याकडे. ती वही जपायची. मी माझीवर मुलाच्या वहीचं खाकी कव्हर घातलंय, लेबलवर 'विज्ञान' लिहिलंय, घरात आलेल्यांपैकी आजवर कुणी उघडली नाही :)

आता बहुतेकांना टीएलडी नावाची एकच गोळी असते, तीन औषधं एकत्र, दिवसातून एकदा, फुकट. मला सुरुवातीला जी होती त्याने रात्री चक्कर यायची आणि भलती स्वप्नं पडायची, ही त्यामानाने काहीच नाही, कुणाची झोप जरा उडते, वजन वाढतं. सहा महिन्यांनी व्हायरल लोड होतो, परत वर्ष झाल्यावर आणि पुढे वर्षातून एकदा, तोही फुकट, बाहेर केला तर हजारात जातो. लोड दबला आणि दबलेलाच राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, यू इक्वल्स यू म्हणतात ते हेच. माझी बायको निगेटिव्ह आहे, दोन्ही पोरं निगेटिव्ह आहेत.

पुण्यात नाव लावायचं का सोलापुरात, याचा विचार मात्र नीट करा. टेस्ट एकदाच असते, गोळ्या आयुष्यभर. सुरुवातीला दर महिन्याला जावं लागतं, सगळं नीट चाललं की दोन-तीन महिन्यांच्या एकदम देतात. लाजेपायी लांबचं केंद्र घेतात आणि चार महिन्यांत एसटीचा कंटाळा येऊन गोळ्या सोडतात असे खूप पाहिलेत मी. सोलापूर सिव्हिल गर्दीचं आहे, गर्दीत कोण कुणाला ओळखतंय. नंतर ट्रान्सफर पण करून मिळतं, आणि तब्येत स्थिर झाली की जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून गोळ्या घ्यायची सोय असते.

सगळं छान छान आहे असंही नाही हां. २०२२ ला गोळ्यांची टंचाई झाली तेव्हा दिल्लीत नॅकोच्या ऑफिसबाहेर आपलेच लोक महिनाभराच्या वर धरणं धरून बसले होते. म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवायच्या, डबा रिकामा झाल्यावर केंद्रात जायचं नाही.

कुंदा_काउन्सेलर:
निवांतदादा +१, विशेषतः एसटीच्या कंटाळ्याला.

एसटीवरून आठवलं, एचआयव्हीबाधितांना एसटीच्या साध्या बसमध्ये तिकिटात सवलत आहे, केंद्रातल्या काउन्सेलरला विचारून कागद करून घ्या. रेल्वेत पण एआरटी केंद्राला तपासणीसाठी जाताना सेकंड क्लासला सवलत असते. घरची परिस्थिती अगदीच हलाखीची असेल तर संजय गांधी निराधार योजनेत हा आजार बसतो, तहसीलला अर्ज करायचा, पण उत्पन्नाची अट कडक आहे आणि तलाठ्यापासून सगळ्यांना कळतं, म्हणून बरेचजण करत नाहीत. मी कुणाला आग्रह केला नाही कधी.

थोडं अवांतर होतंय, पण मामा खचलेत म्हणून लिहिते. फुकट एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, देशात मोजक्या आठ हॉस्पिटलांत, त्यात मुंबईचं जेजे होतं. त्याच्या आधी महिन्याच्या गोळ्यांना हजारो रुपये लागायचे, लोकांनी शेतं विकून दोन-चार महिने औषध खाल्लं आणि मग सोडलं. मामांच्या डोळ्यासमोर त्या काळातली माणसं असणार, हाडाची काडं झालेली, सांगली-सोलापूर पट्ट्यात प्रत्येक गावात एखादं तरी होतं. त्यांना सांगा की तो काळ गेला. आज वेळेत गोळी सुरू केलेला माणूस म्हातारा होतो, बीपी-शुगरच्या तक्रारी करत येतो केंद्रात.

वकिलीणबाई:
वैद्यकीय सगळं वरच्यांनी सांगितलंय, मी त्या दवाखान्याबद्दल बोलते. तिथे जे झालं ते नुसतं वाईट नाही, बेकायदेशीर आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करायची नाही. रिपोर्ट पेशंटच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही, मग तो बाप का असेना, तुमचा भाऊ सज्ञान आहे. आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, सरकारी असो की खाजगी. ऑपरेशनच्या वेळी घ्यायची काळजी प्रत्येकच पेशंटला घ्यायची असते, कारण कुणाला काय आहे ते कपाळावर लिहिलेलं नसतं.

तक्रार करायची तर वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी असावा लागतो, आणि राज्यात या कायद्याखाली ओंबड्समन, म्हणजे तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी असतो, त्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो, उपचार तातडीचे असतील तर शक्यतो चोवीस तासांत. प्रकरण कोर्टात गेलं तर नाव लपवून टोपणनावाने चालवायची मागणी करता येते. नोकरीवरून काढणं, घर न देणं, पोराला शाळेत न घेणं, हे सगळं याच कायद्यात येतं. ट्रकमालकाला सांगायची सक्ती नाही.

पण आत्ता लगेच भांडायला जाऊ नका असं माझं मत आहे. आधी ऑपरेशन आणि गोळ्या मार्गी लावा. फक्त तो रिपोर्ट, बिल, ॲडमिशनचे कागद सांभाळून ठेवा आणि त्या दिवशी कोण काय म्हणालं ते तारखेसकट कागदावर लिहून ठेवा, आत्ता आठवतंय तोवर.

वहिनींना कुणी सांगायचं हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तोच खरा अवघड आहे. तुम्ही सांगू नका. दिराने फोनवर सांगायची ही गोष्ट नाही.

माणगंगेकाठचा:
सगळ्यांचे आभार, खूप धीर आला. वकिलीणबाई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत, कारण मामा मलाच सांग म्हणत होते. मग तिला नक्की सांगायचं कुणी? भाऊ म्हणतो मी तोंड दाखवू शकत नाही, माहेरी निघून जाईल.

कुंदा_काउन्सेलर:
नवऱ्यानेच, पण एकट्याने घरी नाही, काउन्सेलरच्या समोर. दोघांना एकत्र घेऊन जा, पोटातल्या बाळासाठी दोघांची तपासणी करायची एवढंच सांगून, आणि ते खोटं पण नाही. भावाने आत गेल्यावर काउन्सेलरला बाजूला घेऊन सांगायचं की माझं खाजगीत असं आलंय, हिला माहीत नाही. हे त्यांचं रोजचं काम आहे. तो सांगायला तयारच नसेल आणि बायकोला धोका असेल तर त्याला आधी समजावून, कळवून मग डॉक्टर किंवा काउन्सेलर बायकोला सांगू शकतात, कायद्यात तशी सोय आहे, पण शंभरात पंच्याण्णव नवरे समोर बसवल्यावर स्वतःच बोलतात. कुठून आलं, कधी गेला होतास, ही चौकशी त्या खोलीत कुणी करणार नाही आणि घरी तुम्ही पण करू देऊ नका. तोपर्यंत निरोध. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

माणगंगेकाठचा:
उशिरा लिहितोय, माफ करा. सोलापूर सिव्हिललाच गेलो, मी रजा काढून सोबत होतो. भावाचं पक्कं झालं, तिन्ही किट. वहिनी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह आहे, तीन महिन्यांनी परत बोलावलंय आणि बाळंतपणाच्या वेळी परत. बराच वेळ दोघं आत होते, बाहेर आल्यावर वहिनीने मला एवढंच विचारलं की भाऊजी तुम्हाला आधीपासून माहीत होतं का. मी हो म्हणालो. माहेरी गेलेली नाही अजून तरी. मामीने ताट परत मांडणीवर ठेवलंय असं भाऊ म्हणाला.

त्याची गोळी सुरू झाली. हर्नियाचं ऑपरेशन तिथेच करतो म्हणालेत, तारीख दिलीय. आता शेवटचा प्रश्न निवांतदादांना, हा परत ट्रकवर जाणार, घरात बसून खाणार काय. वेळा कशा सांभाळायच्या? आणि याला जळजळीची सवय आहे, ते गुलाबी जेल बाटलीने पितो, ते चालतं का?

निवांत_माणूस:
बाटली गोळीसोबत प्यायची नाही. ॲसिडिटीचं जेल, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांनी टीएलडीतलं डोल्युटेग्राविर नीट लागू पडत नाही, म्हणून टीएलडी आधी घ्यायची आणि जेल दोन तासांनी, किंवा जेल आधी घेतलंच असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्यायचे. केंद्रातल्या डॉक्टरांना ही सवय सांगा, बरेचजण सांगतच नाहीत.

वेळ त्याने लाईनवरची कुठली तरी रोजची धरायची. सकाळी गाडी चालू करायच्या आधी घेतो असं ठरवलं तर हैदराबाद असो का नागपूर, गाडी तर सुरू करणारच ना. एखाद्या दिवशी विसरला तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, पुढच्या गोळीची वेळ आलीच असेल तर एकच, दोन एकदम नाही. डबा डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचा नाही, बॅगेत. हिरवी वही गाडीत असू दे किंवा तिचे फोटो मोबाईलमध्ये, वाटेत अडकला आणि गोळ्या संपत आल्या तर वही दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या एआरटी केंद्रातही अडीनडीला देतात. कुठलं केंद्र जवळ आहे ते १०९७ वाले सांगतात. आणि निघताना काउन्सेलरला सांगायचं की ड्रायव्हर आहे, फेरी लांबते, जास्त दिवसांच्या द्या. दोन-तीन वेळा वेळेवर गेला की देतील.